एकमेव नर, लेखकाच्या संग्रहात

चारठाणा,
७ जुलै २०२४

योगीराज,

तू मला मोबाइलवर ब्लॉक केलंस म्हणून पोस्टानं लिहितेय. पोस्टाला अजून ती सोय नाही. ईमेल मात्र चालू ठेवलास, कारण तुझ्या पुस्तकाची प्रकरणं तपासून द्यायला कुणीतरी हवं. म्हणजे बायको नको, पण तिचं इंग्रजी हवं. एम.एस्सी.लाही हेच होतं. नोट्स माझ्या आणि झेरॉक्स तुझी.

वर 'प्रिय' लिहिलेलं नाही. ते विसरून नाही.

तर तुझं पुस्तक. 'समशीतोष्ण प्रदेशांतले हार्वेस्टमन : वर्गीकरण आणि विविधता'. नाव भारदस्त आहे. पहिल्याच पानावर तू जगाला सांगतोस की हे आठ पायांचे असले तरी कोळी नव्हेत, आणि हे सांगायला तुला चार पानं लागतात. मी आत्याबाईंना (म्हणजे तुझ्या आईला, कडूबाईंना, नाव आठवत असेल) हे भाकरी थापता थापता सांगितलं होतं. कोळ्याला कंबर असते, ह्याचं सगळं अंग एकच. कोळी जाळं विणतो, ह्याला विणता येत नाही. कोळ्याला विष असतं, ह्याच्याकडं नुसता घाण वास. धरलं तर पाय टाकून पळून जातो आणि तो पाय पुन्हा येत नाही. आत्याबाईंनी तव्यावरची भाकरी उलटली आणि म्हणाल्या, "म्हंजी पाय टाकून पळायचं तेवढं येतं. आपल्या योगीराजावानी."

दुसऱ्या प्रकरणात तू पायाच्या टोकाची पेरं मोजत बसलास. अरे, पेरं मोजून कुळं पाडायची पद्धत कधीच मोडीत निघाली! एकाच प्राण्याच्या डाव्या आणि उजव्या पायाची पेरं वेगळी भरतात. मग डावी बाजू एका प्रजातीत घालणार आणि उजवी दुसऱ्या? हे आपल्या दोघांना एकाच सरांनी एकाच बाकावर शिकवलं होतं. तू त्या वेळी खिडकीतून बाहेर बघत होतास वाटतं.

दक्षिणेकडचं सगळं तू दीड पानात गुंडाळलंस. चिली, टास्मानिया, न्यूझीलंड, तिथली थंडी काय थंडी नव्हे? चिलीतल्या हार्वेस्टमनचे भाऊबंद समुद्रापलीकडं न्यूझीलंडमध्ये कसे, हा एवढा मोठा प्रश्न आणि त्यावर तुझं एक वाक्य. जमीन एकेकाळी एक होती, मग तिच्या वाटण्या झाल्या, भावकी लांब गेली तरी चेहरा राहिला. चारठाण्यातल्या कुणालाही विचार, वाटणी म्हणजे काय ते तुझ्यापेक्षा नीट सांगेल. तुझ्या लेखी समशीतोष्ण म्हणजे तुझ्या खिडकीतून दिसतो तेवढा आल्प्स.

हे सगळं मी दुरुस्त करून दिलं असतं. गाढवाला गूळ घालायची मला सवयच आहे. पण मग पाचवं प्रकरण उघडलं. ते आखूड पायांचं, काळं, चांदीच्या ठिपक्यांचं कुळ. त्याच्या खाली तळटीप : 'एक नवी जाती, वर्णन लवकरच प्रसिद्ध होईल. एकमेव नर, लेखकाच्या संग्रहात.'

लेखकाच्या संग्रहात!

लेखकाचा संग्रह कुठं आहे, सांगू? चारठाण्यात, तुझ्या आईच्या माजघरात, देवळीत, कुंकवाच्या करंड्यामागं. बोटाएवढी काचेची कुपी आहे आणि आतली चिठ्ठी माझ्या अक्षरात आहे. आल्प्सच्या उतारावरची ती दगडी भिंत मी शोधली. पावसात गुडघे टेकून दगड मी उचलला. लेखक त्या वेळी खाली गावात आपल्या तिथल्या प्रोफेसरांबरोबर कॉफी पीत होते.

आयत्या बिळावर नागोबा म्हणतात तो निदान बिळात तरी शिरतो. तू तळटीपेतूनच फणा काढलास.

प्रकरणं तपासून मिळणार नाहीत.

राजेश्री


चारठाणा,
२५ ऑगस्ट २०२४

योगीराज,

तुझं पत्र मिळालं. 'प्रिय राजू' वाचून आधी वाटलं, पाकीट चुकून दुसऱ्याचं आलं. तू मला राजू कधी म्हणायचास आठवतं का? काहीतरी हवं असलं की. चहा हवा, चित्र हवं, माझ्या वडिलांची ओळख हवी. आता कुपी हवी.

'वरून तगादा आहे, जुने सगळे नमुने जमा करायचे आहेत, तोही पाठवून दे.' काय साधं बोलणं! मला तू बालवाडीची बाई समजतोस काय? तळटीप पाठवायच्या आधी निदान खोडायची तरी होतीस.

आता मी सांगते तुला तो का हवा आहे. मी तो पकडून खाली आणला त्या दिवशी तुझ्या चिमट्यात त्याचा एक पाय निसटला आणि तुझ्या बशीत राहिला. बाकीचा अख्खा प्राणी मी कुपीत घातला. मी म्हणाले, हा वेगळा आहे, ह्याच्या जबड्यावरचा उंचवटा बघ, ठिपक्यांची कड बघ. तू भिंगातून बघितलंस आणि हसलास. प्रोफेसरांसमोर हसलास. "बिचारीला सगळंच नवीन दिसतं, तिच्या गावात ओढ्यालासुद्धा पाणी नसतं." मग मला म्हणालास, "नेहमीच्याच जातीतला बिघडलेला नर आहे. ठेव तुला, आठवण म्हणून."

आठवण म्हणून ठेवला. आता तुम्ही (पाचव्या प्रकरणातच लिहिलंयस) त्या बशीतल्या पायाचा डीएनए काढला आणि पाय म्हणतोय, राजेश्री बरोबर होती. पण नुसत्या पायावरून वर्णन लिहिता येत नाही. ह्या कुळात जात ठरते ती नराच्या जननेंद्रियाच्या टोकावरून. हे मी आत्याबाईंसमोर बोलत नाही आणि सेलूच्या कॉलेजात वर्गात बोलले तर मागच्या बाकावर खोकल्याची साथ येते, पण तुला तर माहीत आहे. दुसरा नर तुम्हाला सापडत नाही, कारण ती भिंत पाडून तिथं रोपवेचं स्टेशन झालं. म्हणजे जगात एकच नर, तो आमच्या देवळीत आणि तुझ्याकडं एक पाय.

माझी अट ऐक. एकच आहे आणि ती पैशाची नाही, घराची नाही, तू परत यायची तर मुळीच नाही. एका कागदावर लिही : 'हा प्राणी राजेश्रीनं शोधला, वेगळा आहे हे तिनं ओळखलं, मी हसलो.' खाली सही. 'मी हसलो' हे शब्द हवेत. तो कागद आला की कुपी दुसऱ्या दिवशी पोस्टात. मग त्या जातीला तू तुझ्या प्रोफेसरांचं नाव दे, नाहीतर प्रोफेसरांच्या कुत्र्याचं.

खरं सांगायचं तर त्या डोंगरावर मी फार सुखात होते. घरात मी तुला 'अहो' म्हणायचे, तिथं 'तू' म्हणायला लागले. पावसानं भिजलेल्या दगडाखाली ते काळं, हरभऱ्याहून लहान लेकरू चांदीचे ठिपके मिरवत बसलेलं दिसलं तेव्हा मी ओरडले, तो पहिला आवाज तुझ्या नावाचा होता. आता आठवलं की स्वतःचा राग येतो. ओरडायला दुसरं काही सुचलं नाही मला?

मामांजी आजारी पडले तेव्हा "तू हो पुढं, मी येतोच" म्हणालास. मामांजी गेले, दहावा झाला, वर्षश्राद्धं झाली. तू येतोयसच.

तुमच्या घरची नथ मी आत्याबाईंकडं परत दिली आहे. डबी तेवढी मागून घेतली, कापूस लावलेली, घट्ट बसणारी, कामाची आहे. नथ ठेवली असती तर उद्या तीही लेखकाच्या संग्रहात दाखवली असतीस.

राजेश्री


चारठाणा,
२० ऑक्टोबर २०२४

योगीराज,

कागद आला नाही. त्याऐवजी तुझे तात्याराव काका आले.

तू निवडलास तो वकील बघून हसावं का रडावं कळेना. मी सेलूहून येताना देवगाव फाट्यावर एसटी बदलते तेव्हा काका रोज तिथंच असतात, टपरीमागं, पांढऱ्या टोपीत, डोळे लाल. आपल्या घरात गळ्यात माळ, मामांजींनी कधी सुपारी तोंडात टाकली नाही आणि सख्खा भाऊ असा. आत्याबाई त्यांना चहा देतात तोही ओसरीवर, घरात नाही.

काका बसले. घसा खाकरला. "सूनबाई, योगीराजचा फोन आलता. त्यो म्हनायलाय, त्याची कायतरी बाटली हाय तुमच्यापाशी. सायबाची वस्तू हाय म्हनं, सरकारी."

मी म्हटलं, "कोणत्या सरकारची?"

"तिकडच्या."

"मग तिकडचं सरकार येऊन नेईल. तुम्ही कशाला तकलीफ घेता?"

"आवं, किड्यापायी नवराबायकूचं भांडन! लोक काय म्हनतेल? द्या टाकून. आसे किडे पावसाळ्यात बारवंत लय निघत्यात, म्या धरून आनून देतो एक."

आणि खरंच दुसऱ्या दिवशी कागदाच्या पुडीत आणून दिला! गावच्या बारवेतला, लाल-तपकिरी, पाय लांबच लांब, अर्धे तुटलेले. मी त्यांना समजावलं, काका, हे दुसरं कुळ, आपल्याकडच्या ओलाव्यातलं. योगीराजचं पुस्तक थंड मुलुखातल्यांचं आहे. हे म्हणजे मेंढरू हरवलं तर बकरं आणून देण्यासारखं झालं. काका म्हणाले, "त्याला काय कळतंय? पाठवून द्या हेच."

मला पहिल्यांदाच तात्याराव काकांचं बोलणं पटलं. तुला काय कळतंय! तू तो बघून दोन पानं लिहिली असतीस, पेरं मोजून.

आत्याबाई दाराआड उभ्या राहून सगळं ऐकत होत्या. काका गेल्यावर मला एवढंच म्हणाल्या, "बापाच्या मातीला न्हाई आला अन् बाटलीसाठी मानूस धाडलं. आसं काय हाय गं त्या औशदात?" कुपीत औषध आहे असंच त्यांना माहीत आहे. मी आणली तेव्हा तसंच सांगितलं होतं. स्पिरिट म्हणाले असते तर माळकऱ्याच्या देवळीत तिला जागा मिळाली नसती.

मी म्हटलं, "आत्याबाई, एक किडा आहे. छोटा."

"मग दे ना त्याला."

"नाही देणार."

त्यांनी माझ्याकडं बराच वेळ बघितलं आणि भाजी निवडायला बसल्या. तुझ्यापेक्षा त्यांना माणसाचा चेहरा वाचता येतो आणि त्यांना भिंग लागत नाही.

काकांना पुन्हा पाठवू नकोस. आणि अट तीच आहे. चार ओळी, त्यात 'मी हसलो' हे दोन शब्द. एवढंही लिहिता येत नसेल तर पुस्तक कसलं लिहितोस?

राजेश्री


चारठाणा,
८ डिसेंबर २०२४

योगीराज,

अभिनंदन. हात दाखवून अवलक्षण कसं करतात ते तू जगाला दाखवून दिलंस.

शनिवारी कॉलेज अर्धा दिवस असतं. मी दुपारी घरी आले, हातपाय धुतले, देवापुढं कुंकू लावायला देवळीकडं वळले. करंड्यामागं कुपी होती. लखलखीत. आत भीमसेनी कापूर.

मी हाक मारली, "आत्याबाई, ह्यातलं काय झालं?"

त्या स्वयंपाकघरातून खुशीत आल्या. मला वाटलं पाहुणे आलेत. "आगं, योगीराजचा फोन आलता! माह्या योगीराजचा! कवाच्या कवा आला बग. जेवलीस का म्हनला, गुडघे दुखत्यात का म्हनला." आणि मग तू काय म्हणालास ते त्यांनी सांगितलं. "आई, त्या देवळीतल्या बाटलीत औषध नाही, दारू आहे. राजेश्रीनं तुला फसवलंय. दारू घरात ठेवू नकोस, तात्याराव काकांकडं देऊन टाक."

काय डोकं चालवलंस! आईची माळ वापरलीस. तुला वाटलं, दारू म्हटलं की म्हातारी घाबरेल आणि बाटली घराबाहेर काढेल. बरोबर वाटलं. एवढंच विसरलास की ती कुणाची बायको आहे. मामांजींच्या, किशनरावांच्या घरातली बाई दारू सापडली तर ती तात्यारावांच्या हातात देईल? तात्यारावांच्या?

"मांजराला दुधाची राखन ठिवायची का?" आत्याबाई मला म्हणाल्या. "म्या गेले गोठ्यामागं, उकंड्यावर वतली, बाटली राखंनं घासली, कापूर घातला. शिवाशिव गेली. पर तू खोटं कामून बोललीस गं? माह्या देवापाशी दारू ठिवलीस?"

मी ओरडले. लग्न होऊन आल्यापासून कधी वर आवाज काढला नव्हता, तो सगळा एकदम निघाला. काय बोलले ते लिहीत नाही. शेजारच्या सरजाबाई भिंतीवरून डोकावल्या, त्यांच्याकडून हवं तर ऐक, त्यांना सगळं पाठ आहे.

मग मी रव्याची चाळण घेतली आणि उकिरड्यावर जाऊन बसले. शेण, राख, कडब्याचं भूस, कांद्याची सालपटं. हरभऱ्याहून लहान, काळा. कोंबड्या आधीच तिथं येऊन गेलेल्या. तुला कल्पना आहे का, योगीराज, उकिरड्यात सगळंच काळं असतं आणि सगळंच हरभऱ्याहून लहान? मी एक एक मूठ चाळत होते आणि रडत होते. हो, रडत होते, लिहायला मला लाज वाटत नाही. माझ्या आयुष्यात मी एकच गोष्ट पहिल्यांदा पाहिलेली होती, जी माझ्या आधी कुणी पाहिली नव्हती. ती तुझ्या एका फोननं कोंबडीच्या पोटात गेली.

थोड्या वेळानं आत्याबाई आल्या. हातात पिठाची चाळण. गुडघ्यांनी बसता येत नाही तरी माझ्या शेजारी बसल्या. चाळू लागल्या. मग विचारलं,

"त्यो किडा तुहा व्हता का त्याचा?"

"माझा."

"तुला सापडलता?"

"हो. तो हसला होता मला."

चाळण थांबली. "मग त्यानं कामून मागितला?"

एवढा एक प्रश्न, बघ. तुला, तुझ्या प्रोफेसरांना, काकांना, कुणाला आजपर्यंत पडला नव्हता. मी त्यांना सगळं सांगितलं. डोंगर, भिंत, पाय, तळटीप, तू. त्यांनी मध्ये एकदाही तुझी बाजू घेतली नाही. नुसतं म्हणाल्या, "माह्या हातानं गेलं गं बाई. माह्या हातानं." आणि पदर डोळ्याला लावायला गेल्या तर हाताला सगळं शेण. मीच त्यांचे डोळे पुसले, माझ्या मनगटानं.

मग त्यांनी एक सांगितलं, ते तुला कधी सांगितलंय की नाही माहीत नाही. तू विचारलं असशील असं वाटत नाही. त्यांच्या आधीची दोन भावंडं जन्मून गेली. म्हणून ह्या झाल्या तेव्हा त्यांच्या आईनं त्यांना सुपात घालून उकिरड्यावर नेऊन ठेवलं, टाकून दिलं असं दाखवलं, आणि शेजारणीनं उचलून परत आणलं. नाव ठेवलं कडू. "मरनाला गोड लागू ने म्हनून. टाकलेलं लेकरू यम नेत न्हाई म्हनत्यात. म्या बग, अजून हाय."

संध्याकाळपर्यंत चाळलं. मिळाला एक पाय. आत नेऊन भिंगाखाली धरला तर वाळलेलं कुसळ निघालं.

त्यांनी तुला फोन लावला तेव्हा मी अंगणात होते. तू काय बोललास ते त्यांनी सांगितलं नाही. पण तुझा आवाज बाहेरपर्यंत येत होता, "तुला काय कळतंय त्यातलं, अडाणी" इथपर्यंत. फोन ठेवून त्या तुळशीपाशी जाऊन बसल्या. त्या दिवशी जेवल्या नाहीत.

माझी अट मी मागं घेतली आहे. तुझा कागद आता नको. तुझ्या तळटीपेत मात्र दुरुस्ती करून घे : 'एकमेव नर, लेखकाच्या आईच्या उकिरड्यावर.'

राजेश्री


चारठाणा,
१४ मे २०२५

योगीराज,

डिसेंबरनंतर तुझं काहीच आलं नाही. मला वाटलंच होतं. जिथून काही मिळायचं नाही तिथं तू शाईसुद्धा खर्च करत नाहीस.

मागच्या पत्रात मी खोटं काही लिहिलं नव्हतं. फक्त सगळं लिहिलं नव्हतं. ही कला मी तुझ्याच प्रकरणांतून शिकले.

नर उकिरड्यावर गेला हे खरं. त्याचं अंग गेलं, जबडे गेले, चांदीचे ठिपके गेले, आणि मी रडले तीही खरीच रडले. पण तू ज्या शास्त्रावर पुस्तक लिहितोस त्यातली साधी रीत विसरलास. तपासणीसाठी नराचं जननेंद्रिय काढून घेतात आणि ते वेगळ्या, मुगाएवढ्या नळीत ठेवतात. मी ते दोन वर्षांपूर्वीच काढलं होतं, सेलूच्या कॉलेजात, उन्हाळ्याच्या सुट्टीत, लेन्सवर बुरशी आलेल्या सूक्ष्मदर्शकाखाली. ग्लिसरीनमध्ये ठेवलंय, त्याला माळकऱ्याचीही हरकत नाही. नळी नथीच्या डबीत आहे आणि डबी कॉलेजच्या कपाटात. कपाटाची चावी माझ्या मंगळसूत्राला अडकवलेली असते. त्या मंगळसूत्राचा एवढाच उपयोग उरलाय.

तुला मनापासून एक सांगते. नराचं जे काही कामाचं असतं ते माझ्याकडं आहे. बाकीचं उकिरड्यावर गेलं तरी चालतं.

चित्रं मी सगळ्या बाजूंनी तेव्हाच काढून ठेवली होती, जबड्यांची, ठिपक्यांची, त्या टोकाची. माझी चित्रं कशी असतात ते तुझ्या पुस्तकाला माहीत आहे. जानेवारीत ती तुझ्या प्रोफेसरांना पाठवली आणि खाली सरळ लिहिलं : हा प्राणी मला सापडला, त्या दिवशी तुम्ही आणि माझा नवरा खाली कॉफी पीत होता, तुमच्याकडं एक पाय आहे. त्यांचं उत्तर आलं. मला वाटलं होतं तेसुद्धा तुझ्यासारखेच. नाहीत. त्यांना तो दिवस आठवत होता आणि तुझं हसणंही आठवत होतं. "मीही हसलो होतो," त्यांनी लिहिलंय. मागितलं नव्हतं, तरी लिहिलंय. दोन शब्दांनी माणूस मरत नाही, बघ.

पायाचा डीएनए त्यांनी दिला. नावाचा आधार म्हणून प्राण्याचा एक भाग असला तरी नियमात बसतं, हे तुलाही माहीत असायला हवं. लेख स्वीकारला गेलाय, ह्या महिन्यात छापून येतोय. लेखिका एकच आहे. तुझं नावही आहे, काळजी करू नकोस. शेवटी, आभारांत : 'एका पायासाठी योगीराज यांचे आभार.'

आता नावाचं. जातीचं नाव मी 'कडूबाई' ठेवलंय.

आत्याबाईंना सांगितलं तर आधी चिडल्या. "किड्याला माहं नाव? माह्याच हातानं मेला त्यो, अन् माहंच नाव? दुसरं चांगलं न्हाई का मिळालं?" मी म्हटलं, आत्याबाई, उकिरड्यावर टाकला होता, तिथून परत उचललाय. मग दुसरं कोणतं नाव ठेवू? त्या हातातली वात वळत राहिल्या. मग म्हणाल्या, "तिकडं आसा अजून एखांदा आसंल का गं? का ह्यो येकच व्हता?"

माहीत नाही म्हटलं. भिंत पाडली, पण तिचे दगड कुठंतरी टाकले असतील. टाकलेल्या दगडांखाली बघायचं आहे. सप्टेंबरमध्ये प्रोफेसरांनी बोलावलंय, मी जातेय. तुझ्याच गावात येईन. तुला भेटायला नाही. दगड उचलायला.

नाव एकदा छापलं की बदलता येत नाही, कुणालाच नाही. तुझ्या पुस्तकात पाचव्या प्रकरणात आता ते लिहावं लागेल, तक्त्यात लिहावं लागेल, सूचीत लिहावं लागेल. परिषदेत उभा राहशील तेव्हा सगळ्यांसमोर तोंडानं म्हणावं लागेल. आणि कुणीतरी विचारेलच, हे कुणाचं नाव? तेव्हा काय सांगशील, ते मला ऐकायचं आहे. अडाणी म्हणून सांग.

आत्याबाईंनी तुझ्यासाठी काही द्यायचंय का, म्हणून मी विचारलं. त्या उठल्या, देवळीतून ती कुपी काढली, कापूर दिव्यात टाकला आणि कुपी पदरानं पुसून माझ्या हातात दिली. "त्याची हाय म्हनत व्हता ना? दे त्याला."

सोबत पाठवतेय. रिकामी आहे. लेखकाच्या संग्रहात ठेव.

राजेश्री